सुराला जात नसते, यादीला असते

दरवर्षी 25 जानेवारीच्या संध्याकाळी पद्म पुरस्कारांची यादी येते. राज्य शासनाचे सांस्कृतिक पुरस्कार येतात, राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार येतात. आणि प्रत्येक यादीनंतर छत्रपती संभाजीनगरात कुणी ना कुणी एक प्रश्न विचारतंच : भीमगीतं गाणारे, जलसे करणारे, वस्त्या-वस्त्यांत रात्र जागवणारे गायक या यादीत का दिसत नाहीत? प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर हजर असतं. "कलेत कुठे जात आणता? सुराला जात नसते."

हे उत्तर इतकं रूढ झालंय की देणाऱ्याला त्याचा पुरावा द्यावा लागत नाही. मला या उत्तराची चीड येते. ते मूर्खांकडून आलं असतं तर सोडून देता आलं असतं. पण ते येतं चांगलं वाचलेल्या, कानाने तयार असलेल्या, मैफलींना पहिल्या रांगेत बसणाऱ्या लोकांकडून. म्हणून त्याचा समाचार घ्यायला हवा, आणि नीट घ्यायला हवा.

आधी त्यांची बाजू त्यांच्याच जोरकसपणाने मांडतो. ते म्हणतात : निवड समिती नाव बघत नाही, गाणं बघते. भीमगीत हा प्रचार आहे, संगीत नव्हे. एका पुरुषाचं आणि एका समाजाचं गुणगान आहे. त्याच्या चाली उसन्या असतात, गळे बिनतालमीचे असतात. त्याची भाषा गावठी असते. शाहिरीला, तमाशाला, लोककलेला वेगळे पुरस्कार आहेतच, मग तक्रार कशाची? आणि शेवटचा, सगळ्यांत मोठ्या आवाजात केला जाणारा दावा : हे पुरस्कारांत आरक्षण मागणं आहे, याने गुणवत्ता मरेल.

गंमत अशी नाही, खंत अशी आहे, की हीच मंडळी अमेरिकेतल्या ग्रॅमी पुरस्कारांबद्दल बोलतात तेव्हा त्यांना सगळं लख्ख दिसतं. 2023 च्या ग्रॅमी सोहळ्यात बॅड बनी स्पॅनिशमध्ये गात होता. अमेरिकेत कोट्यवधी लोक घरात जी भाषा बोलतात ती भाषा. टीव्हीच्या पडद्यावर मात्र खाली अक्षरं उमटली, की गायक 'इंग्रजी नसलेल्या' भाषेत गातो आहे. हा भाषेचा अपमान आहे हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी 1999 साली लॉरिन हिलला मिळाला, त्यानंतर तो एका कृष्णवर्णीय स्त्रीकडे यायला 2025 साल उजाडावं लागलं. तो बियॉन्सेला मिळाला तेव्हा आपण म्हटलं, उशीर झाला. 2020 साली टायलर द क्रिएटरला रॅपचा ग्रॅमी मिळाला. त्याच रात्री त्याने सांगितलं की आमच्यासारख्या दिसणाऱ्यांनी काहीही वेगळं केलं तरी तुम्ही आम्हाला रॅप किंवा 'अर्बन' या खात्यातच टाकता. आपण टाळ्या वाजवल्या. मग तोच नियम आपल्या गावाला लावताना हात का थरथरतो? वंशभेद दहा हजार मैलांवरून दिसतो आणि जातभेद उस्मानपुऱ्यापासून गुलमंडीपर्यंत दिसत नाही, असं कसं होतं?

आता एकेक मुद्दा घेऊ.

निवड समिती फक्त गाणं ऐकते, हा पहिला दावा. ठीक. पण कुणाचं गाणं समितीपुढे येईल, कोणत्या खात्यात येईल आणि त्या खात्यात काय ऐकायचं, हे गाणं सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं. पुरस्काराची खाती आकाशातून पडत नाहीत, माणसं ती बनवतात. फिल्मफेअर पुरस्कार सुरू झाले तेव्हा पार्श्वगायनाला पुरस्कारच नव्हता. संगीतकाराला होता, गाणाऱ्याला नव्हता. लता मंगेशकरांनी त्या सोहळ्यात गायला नकार दिला, म्हणाल्या गायकाला पुरस्कार नसेल तर गायकाने तिथे गावं कशाला. त्यानंतर 1959 पासून पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला. तोही सुरुवातीला स्त्री-पुरुष मिळून एकच होता, वेगळे दोन व्हायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे लताबाईंच्या गळ्यातला सूर 1958 साली कमी होता आणि 1959 साली वाढला असं झालं नाही. खातं नव्हतं, ते भांडून करून घ्यावं लागलं. लताबाईंनी मागितलं तो हक्क, आणि शाहिराने मागितलं तर कलेत जात आणणं?

आकाशवाणीचा इतिहासही बघावा. 1940 साली तिथे हार्मोनियमवर बंदी आली आणि जवळपास तीन दशकं टिकली. ज्या पेटीवर मराठी रंगभूमी उभी राहिली, ज्या पेटीवर वस्तीतला शाहीर आजही गातो, तिला हिंदुस्तानी संगीताला न शोभणारं वाद्य ठरवलं गेलं. स्वातंत्र्याच्या सुमारास गायिकांचं 'खासगी आयुष्य' बघून त्यांना दारातूनच परत पाठवण्याचा काळ होता. 1952 ते 1962 या काळात माहितीमंत्री असलेले बा. वि. केसकर मराठी होते, संगीताचे जाणकार होते. त्यांच्या कारकिर्दीत चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी रेडिओ सिलोन लावला आणि शेवटी 1957 साली विविध भारती सुरू करावी लागली. इतकी माणसं, इतके हुकूम, इतक्या चाळण्या. आणि तरी आपण म्हणायचं की समिती फक्त सूर ऐकते?

दुसरा दावा, भीमगीत हा प्रचार आहे.

1955-56 मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण आलं. माडगूळकरांची 56 गीतं, सुधीर फडक्यांच्या चाली. एका नायकाचं चरित्र, त्याच्या गुणांचं वर्णन. त्याला कुणी प्रचार म्हटलं नाही आणि म्हणूही नये, ते मराठीतलं मोठं काम आहे. शिवरायांचे पोवाडे, विठ्ठलाचे अभंग, गणपतीच्या आरत्या, स्वातंत्र्यलढ्यातली पदं, यांतलं काय एका नायकाभोवती किंवा एका श्रद्धेभोवती फिरत नाही? खाडिलकरांच्या 'कीचकवध'मधला राजकीय अर्थ इंग्रजांनी इतका ओळखला की नाटकावर बंदी घातली. आपण त्याला रंगभूमीचा अभिमान मानतो. मग नायक राम असला की भक्ती, शिवाजी असला की स्फूर्ती, आणि नायक बाबासाहेब असले की प्रचार, हे वर्गीकरण कोणत्या संगीतशास्त्रात लिहिलंय? ते ज्या ग्रंथात लिहिलंय त्या ग्रंथाचं नाव घ्यायला या मंडळींना संकोच वाटतो, एवढंच.

आणि या गाण्यांनी काय केलं ते आपल्या शहराने डोळ्यांनी पाहिलंय. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. पोचिराम कांबळे मारले गेले. पुढे नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 रोजी. या सोळा वर्षांत वर्तमानपत्र न पोचणाऱ्या वस्त्यांत बातमी कुणी पोचवली, मोर्चाची तारीख कुणी सांगितली, मार खाऊन आलेल्यांना धीर कुणी दिला? शाहिरांनी. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांना गाणं पाठ होत होतं. हे काम सतराव्या शतकात अभंगाने केलं तर ते लोकजागरण म्हणून पाठ्यपुस्तकात बसतं. विसाव्या शतकात शाहिराने केलं तर ते संगीतातून बाद होतं.

तिसरा दावा, उसन्या चाली आणि बिनतालमीचे गळे.

चालींचं आधी. मराठी नाट्यसंगीताचा उगम आठवा. किर्लोस्करांच्या 'सौभद्र'मधली पदं साकी, दिंडी, लावणी, कानडी चालींवर बांधलेली आहेत. गोविंदराव टेंबे यांनी 1911 च्या 'मानापमान'साठी पूरबच्या ठुमरी-दादऱ्याच्या बंदिशी आणल्या. 1916 च्या 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखले यांनी रागदारी चिजांवर पदं बसवली. त्या चाली उसन्या होत्या हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्याचं कौतुकच झालं, कारण चाल घेऊन तिच्यात नवा प्राण ओतणं ही आपल्याकडे जुनी आणि मान्य कला आहे. वामनदादा कर्डकांनी कव्वालीची चाल घेतली, लोकगीताची घेतली, चित्रपटगीताची घेतली, तेव्हा हीच कला अचानक नक्कल कशी झाली?

वामनदादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. शाळा नाही, अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत मजुरी करताना. 1943 पासून ते लिहीत राहिले, गावोगाव फिरून गात राहिले आणि हजारो गीतं मागे ठेवून 15 मे 2004 रोजी गेले. त्यांची वृत्तावरची पकड, यमकाची सहजता आणि पहिल्या दोन ओळींत अख्खा विचार उभा करण्याची ताकद कुठल्याही पदवीधर कवीने शिकावी अशी आहे. त्यांना पद्म पुरस्कार मिळाला नाही. त्याच वर्षी, जून महिन्यात, प्रल्हाद शिंदे गेले. आषाढीला पंढरीच्या वाटेवर आणि भाद्रपदात गणपतीच्या मांडवात ज्याचा आवाज वाजला नाही असं गाव महाराष्ट्रात नसेल. त्यांनाही पद्म मिळाला नाही. राज्य शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार तोवर सुरू होऊन दशक उलटलं होतं, त्या यादीतही त्यांचं नाव आलं नाही. ज्या गळ्याने वारकऱ्याला विठ्ठल दाखवला आणि बौद्ध वस्तीला बाबासाहेब, त्या गळ्यात काय उणं होतं ते एकदा तरी कुणीतरी सांगावं.

तालमीचं म्हणाल तर 14 जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर या. गेटसमोरच्या रस्त्यावर माणसांची रीघ लागलेली असते, दोन्ही बाजूंना पुस्तकांची दुकानं, एकापुढे एक उभे केलेले मंच, प्रत्येक मंचाचा भोंगा दुसऱ्याच्या भोंग्यावर आदळणारा. त्या गदारोळात पेटीवाला काळी दोन किंवा काळी चार धरतो. गायक आधी एक शेर तालाशिवाय म्हणतो, शेवटचा शब्द लांबवून गर्दीला थांबवतो आणि नेमक्या क्षणी ढोलकीवाल्याकडे बघतो. ढोलकी समेवर पडते, कोरस मुखडा उचलतो, झांज आणि टाळ्या एकत्र येतात. अंतऱ्यात गायक वरच्या सप्तकात जाऊन सूर धरतो, आणि मॉनिटर नाही, स्वतःचा आवाज स्वतःला नीट ऐकू येत नाही, तरी तो सूर हलत नाही. श्रोता समोर उभा आहे, चालता आहे, एका कडव्यात पकडला नाही तर पुढच्या मंचाकडे जाणार आहे. असं तासन्‌तास, रात्ररात्र. ही तालीम नाही तर काय आहे? वातानुकूलित सभागृहात, तानपुऱ्याच्या आधाराने, बसलेल्या श्रोत्यांपुढे गाणं अवघड आहे, मान्य. पण हे सोपं आहे असं म्हणणाऱ्याने एक रात्र इथे गाऊन दाखवावं.

याच तालमीच्या मुद्द्यावरून 2022 साली केरळात काय झालं ते आठवा. 68 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिका ठरल्या नंजियम्मा. पालक्काड जिल्ह्यातल्या अट्टप्पाडीच्या, इरुळा आदिवासी समाजाच्या. 'अय्यप्पनुम कोशियुम' या चित्रपटातलं गाणं त्यांच्याच इरुळा भाषेतलं आणि त्यांनीच रचलेलं. लगेच एका संगीतकाराने विचारलं की आयुष्यभर साधना करणाऱ्यांना डावलून हा पुरस्कार यांना कसा? त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट पार्श्वगायक ठरले आपले राहुल देशपांडे, 'मी वसंतराव'साठी. दोन्ही निवडी योग्य होत्या. पण लायकीचा दाखला दोघांपैकी एकाच व्यक्तीकडे मागितला गेला. कुणाकडे, ते सांगायची गरज आहे का? केरळातल्या अनेक संगीतकारांनी नंजियम्मांची बाजू उघडपणे घेतली, हे मात्र सांगायला हवं. आपल्याकडे अशी वेळ येते तेव्हा किती मैफली-गायक तोंड उघडतात?

चौथा दावा, भाषा गावठी आहे. हा मला सगळ्यांत जास्त लागतो, कारण ही माझ्या मराठवाड्याची भाषा आहे.

आपल्याच शहरातल्या कडूबाई खरात घ्या. एकतारी घेऊन गावोगाव गाणाऱ्या या बाईंचा आवाज काही वर्षांपूर्वी एका मोबाइलवर टिपला गेला आणि महाराष्ट्रभर पसरला. ना रेकॉर्डिंगचा स्टुडिओ, ना साथीचा वाद्यमेळ. एका तारेचा आधार आणि उघडा, भरदार, खालपासून वरपर्यंत सारख्याच वजनाचा आवाज. भाषा आपल्या आयाबायांची, 'मह्या' म्हणणारी, 'लेकराला' म्हणणारी. लाखो लोकांनी ते गाणं ऐकलं आणि बाबासाहेबांनी आपल्या घरात काय बदललं ते त्यांना एका बाईच्या तोंडून कळलं. तो आवाज लोकांनी शोधला. समित्यांचं काम आवाज शोधणं असतं ना? मग त्यांच्याआधी एका पोराचा मोबाइल कसा पोचला?

गावठी भाषा अडचणीची असते असंही खरं नाही. बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या, त्यांची भाषा खानदेशच्या शेताशिवाराची होती, जात्यावर आणि शेतात त्या गात होत्या. 1952 साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली, अत्र्यांनी ती डोक्यावर घेतली आणि साऱ्या मराठीने मान डोलावली. अगदी योग्य केलं. म्हणजे बोली चालते, निरक्षरता चालते. मग वामनदादांची, कडूबाईंची बोली तेवढी का अडते? बोलीत काय सांगितलंय ते अडतं. बोलीने मातीचं, माहेराचं गायलं की ती गोड. हक्काचं गायलं की ती कर्कश.

आणि आपल्याच शहराच्या, म्हणजे औरंगाबादच्या, जुन्या गल्ल्यांतली दखनी? वली आणि सिराज या शायरांचं हे गाव. इथे भीमजयंतीला कव्वालीचे मुकाबले रंगले, मराठी शाहिराने उर्दू लफ्ज घेतले, मुसलमान कव्वालाने बाबासाहेबांवर कलाम म्हटला. दोन समाजांनी एकाच ढोलकीवर मिळून घडवलेलं हे गाणं मराठीच्या यादीत बसत नाही, उर्दूच्या यादीत बसत नाही, शास्त्रीयच्या तर नाहीच नाही. जे खास या शहराचं आहे त्याला ठेवायला कोणत्याच यादीत जागा नाही. हा दोष गाण्याचा की यादीचा?

पाचवा दावा, वेगळे पुरस्कार आहेतच की.

आहेत. राज्य शासनाच्या सांस्कृतिक पुरस्कारांत कंठसंगीत, उपशास्त्रीय संगीत, वाद्यसंगीत ही खाती आहेत आणि शाहिरी, तमाशा, लोककला, आदिवासी गिरीजन ही वेगळी खाती आहेत. कुणाला वाटेल ही सोय आहे. पण या राज्यात बाबा आढावांना 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळ का करावी लागली? दलितांना पाणी मिळतच नव्हतं असं प्रत्येक गावात नव्हतं. पुष्कळ ठिकाणी वेगळा पाणवठा होता. तो वेगळा होता हाच अन्याय होता. शाहिरी हे संगीतच असेल तर विठ्ठल उमपांचा विचार कंठसंगीतात का होऊ नये? लावणी, पोवाडा, भारूड, गझल, भीमगीत, जांभूळ आख्यान, सगळं एका गळ्यात सामावून घेणारा तो माणूस 26 नोव्हेंबर 2010 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच गेला. त्यांच्यासारखा कंठ असलेले त्या पिढीत किती जण होते?

काही जण इथे केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांची नावं पुढे करतात. गोव्याच्या कलावंत घराण्यांतून आलेल्या या दोघींना पद्मभूषण मिळालं, मग जात कुठे आडवी आली? उत्तर सोपं आहे. त्यांनी असामान्य कष्टाने जे गाणं आत्मसात केलं, ते ख्यालाचं गाणं तोवर प्रतिष्ठितांनी आपलं मानलं होतं. त्या आत आल्या त्या गाण्याच्या दारातून. ज्यांचं गाणंच वस्तीत जन्मलं, त्यांच्यासाठी तसं दार नव्हतं. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकर यांना 1957 आणि 1990 अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते दाद मिळाली. 2002 साली त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल देणगीतून भागवावं लागलं. त्यांच्या नावाने शासनाने पुरस्कार सुरू केला तो नंतर. लावणीगायिका सुलोचना चव्हाण यांना पद्मश्री मिळाली 2022 साली, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. वेगळ्या खात्यातला सन्मान असा असतो : उशिरा, आणि पोटाला न पुरणारा.

"लोकांचं प्रेम आहे ना, मग पुरस्कार हवाच कशाला?" असंही विचारलं जातं. ज्यांना दोन्ही मिळतं ते हा प्रश्न विचारतात. पुरस्कार म्हणजे फक्त शाल-श्रीफळ नव्हे. त्यावरून मानधन ठरतं, महोत्सवाचं आमंत्रण ठरतं, गाणं अभ्यासक्रमात जाणार की नाही ते ठरतं, ध्वनिमुद्रणं जपली जाणार की कुठल्या घराच्या माळ्यावर कॅसेटला बुरशी येणार ते ठरतं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत कॅसेट कंपन्यांनी भीमगीतांवर धंदा केला. त्या कॅसेटवरचे कितीतरी गायक आज नावानेही कुणाला ठाऊक नाहीत.

सहावा आणि शेवटचा दावा, हे आरक्षण आहे, गुणवत्ता मरेल. यात एकच गोष्ट मान्य करतो. सगळी भीमगीतं चांगली नाहीत. डीजेच्या भिंतींपुढे वाजणारं बरंचसं संगीत म्हणून सुमार आहे. पण सगळे ख्याल चांगले असतात का? सगळी भावगीतं टिकली का? कुठल्याही प्रकारात निवड त्यातल्या उत्तमाची करायची असते, त्यातल्या टाकाऊवरून अख्ख्या प्रकाराला बाद करायचं नसतं. आम्ही कुणाच्या वाट्याचं मागत नाही. आम्ही म्हणतो, त्याच कानाने आमचंही ऐका.

आणि बदल केल्याने काही कोसळत नाही. द वीकेंड या गायकाला एकही नामांकन न मिळाल्यावर गदारोळ झाला आणि 2021 साली ग्रॅमीने नामांकनं अंतिम करणाऱ्या बहुतेक गुप्त समित्या रद्द केल्या. त्याआधी 2020 मध्ये 'अर्बन' हा शब्द एका खात्यातून काढला. संगीत बुडालं नाही. चेन्नईच्या म्युझिक अकॅडमीने 2024 साली टी. एम. कृष्णा यांना संगीत कलानिधी जाहीर केला. कर्नाटक संगीतातल्या ब्राह्मणी मक्तेदारीवर ते उघड बोलतात म्हणून काही नामवंत गायकांनी अकॅडमीच्या महोत्सवातून अंग काढून घेतलं. कृष्णांच्या गळ्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, त्यांच्या बोलण्याबद्दल होती. सुराला जात नसते म्हणणाऱ्यांनी या प्रसंगाकडे शांतपणे बघावं. जातीचं नाव घेतलं म्हणून सूर नासतो असं ज्यांना वाटतं, जात त्यांच्या कानात आहे.

म्हणून आता नुसती खंत नको, नेमकी मागणी हवी. कंठसंगीताच्या पुरस्कारासाठी शाहीर आणि भीमगीत गायक यांचा विचार व्हावा. निवड समित्यांवर शाहिरी, कव्वाली, लोकसंगीत जाणणारी माणसं असावीत, आणि फक्त लोककलेच्या समितीवर नव्हे, प्रत्येक संगीत समितीवर. समितीतली नावं आणि निवडीची कारणं जाहीर व्हावीत. वेरूळ-अजिंठा महोत्सवाच्या मुख्य मंचावर, मुख्य वेळेला, या मातीतल्या शाहिराला आणि दखनी कव्वालाला जागा मिळावी, आणि मानधन बाहेरून येणाऱ्या कलावंताच्या तोडीचं असावं. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी ही गाणी गायली गेली, त्या विद्यापीठाने नामांतराच्या काळातली गाणी, कॅसेट, वह्या गोळा करून त्यांचा संग्रह उभारावा. तो काळ गायलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत, वाट बघायला वेळ उरलेला नाही.

निवड समित्यांवर बसणाऱ्यांना शेवटी एकच सांगणं आहे. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे यांना तुम्ही जिवंतपणी मान दिला नाहीत, आणि आता दिलात तरी तो त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. पण त्यांच्या मागून आलेले गायक आज गात आहेत, याच शहरात गात आहेत. सुराला जात नसते हे तुमचं म्हणणं खरं असेल, तर पुढच्या यादीत ते दाखवून द्या. तोवर ते वाक्य आम्हाला ऐकवू नका.